सांगितले एक, समजले दुसरे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या एका शाकाहारी संगणक-अभियंत्याने सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मॅकडोनाल्ड्स कंपनीच्या ग्राहक-विभागाला ईमेलने एक साधा प्रश्न विचारला. आपल्या उपाहारगृहांत मिळणारे फ्रेंच फ्राइज शाकाहारी माणसाने खाण्यास हरकत नाही ना, एवढाच तो प्रश्न. उत्तर अत्यंत सौजन्याच्या भाषेत आले. तळणीचे तेल वनस्पतीजन्यच आहे. मात्र स्वाद खुलावा म्हणून, माल दुकानात पोहोचण्यापूर्वीच, पुरवठादाराकडे बटाट्याच्या कापांत गोमांसाच्या अर्काचा अत्यल्प अंश मिसळला जातो, असे त्यात नमूद केले होते.

प्रश्न विचारणाऱ्याने ते उत्तर कॅलिफोर्नियातून निघणाऱ्या 'इंडिया-वेस्ट' या भारतीयांच्या साप्ताहिकाच्या वार्ताहराकडे पाठविले. बातमी छापून आली आणि तेथील शाकाहारी घराघरांत एकच खळबळ उडाली. आईवडिलांनी मुलांना विश्वासाने नेऊन खाऊ घातलेला पदार्थ, प्रवासात 'निदान एवढे तरी चालते' म्हणून घेतलेला पदार्थ, आणि तोच असा निघाला. १ मे २००१ रोजी सिएटल येथील वकील हरीश भारती यांनी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. हा दावा भेसळीचा नव्हता. पदार्थात काय आहे हे कंपनीने ग्राहकाला सांगितले का, आणि सांगितले असल्यास ते त्याला समजेल अशा रीतीने सांगितले का, हा त्यातील वादाचा विषय होता.

या प्रकरणाचे मूळ अकरा वर्षे मागे जाते. १९९० पर्यंत अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचे फ्राइज मुख्यत्वे गोवंशीय चरबीतच तळले जात. ओमाहा येथील फिल सोकोलॉफ या उद्योजकाला १९६६ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, हृदयविकाराचा तीव्र झटका आला होता. त्यातून वाचल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशाने वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन मोठ्या खाद्य-कंपन्यांच्या चरबीयुक्त पदार्थांविरुद्ध आघाडी उघडली. १९९० च्या जाहिरातींत त्यांनी मॅकडोनाल्ड्सचे नाव घेऊनच प्रहार केला. त्या वर्षीच्या जुलैत कंपनीने जाहीर केले, की यापुढे फ्राइज शंभर टक्के वनस्पती तेलात तळले जातील.

हे वाक्य ज्यांच्यासाठी लिहिले गेले होते, त्यांना ते नेमके समजले. कोलेस्टेरॉलची धास्ती घेतलेल्या ग्राहकाला हवे होते तेच उत्तर त्यात होते. परंतु तेच वाक्य आणखी एका वर्गाच्या कानी पडले, ज्याचा विचार लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा आलाच नव्हता. शाकाहारी हिंदू, जैन, शीख कुटुंबांनी आणि अमेरिकेतील इतर शाकाहारींनी 'शंभर टक्के वनस्पती' एवढेच शब्द ऐकले आणि पदार्थ शाकाहारी झाला असा अर्थ घेतला. तेल बदलले होते. चवीसाठी घातलेला अर्क मात्र घटकांच्या यादीत 'नैसर्गिक स्वाद' या दोन निरुपद्रवी शब्दांआड राहिला. कायद्याने तेवढे लिहिणे पुरेसे होते. जाहिरातीतील विधानही अक्षरशः खोटे नव्हते.

कंपनीच्या पत्रव्यवहाराबाबत मात्र असे म्हणता येत नाही. १९९३ मध्ये ग्राहक-विभागाने एका ग्राहकाला पाठविलेले पत्र या वादात पुढे आले. शाकाहारी व्यक्तींना घेता येतील अशा पदार्थांची यादी त्यात दिली होती आणि तीत फ्रेंच फ्राइजचाही समावेश होता. म्हणजे १९९३ मध्ये एक उत्तर आणि पुढे ईमेलला दुसरेच, तेही एकाच विभागाकडून. पदार्थ तयार करणाऱ्यांना अर्काची माहिती होती. ग्राहकाला पत्र लिहिणारी मंडळी बहुधा जाहिरातीतले वाक्यच पुन्हा लिहून पाठवीत असावीत. घरातच ज्याला माहीत आहे आणि ज्याला सांगायचे आहे, त्या दोघांची गाठ पडली नाही तर बाहेरच्याला खरे कसे कळावे?

येथे जैन घरांपुरती एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्यांना बटाट्याचा हा वादच गैरलागू होता. तेलाचे नाव काहीही असो, तो पदार्थ त्यांच्या ताटात येणारच नव्हता. 'शाकाहारी' या एका शब्दाचे अर्थ एकाच समाजात, किंबहुना एकाच घरातील दोन पिढ्यांतही, वेगळे असतात. विमान कंपन्यांनी हे फार पूर्वी ओळखले. त्यांच्या जेवणाच्या सांकेतिक यादीत सामान्य शाकाहारी जेवणाखेरीज जैन जेवणाला स्वतंत्र संकेत आहे. ऐकणारे सगळे सारखेच, असे गृहीत धरणाऱ्या संस्थेचा हिशेब तेथूनच चुकू लागतो.

हीच कंपनी भारतात आली ती १९९६ च्या ऑक्टोबरात. दिल्लीतील वसंत विहार येथे पहिले दुकान उघडले, तेव्हा गोमांस न वापरणारे हे तिचे जगातील पहिलेच उपाहारगृह ठरले. शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागा, भांडी आणि कर्मचारी वेगळे, त्या कर्मचाऱ्यांना हिरवे एप्रन, मेयोनीजदेखील अंड्याविना. ग्राहकाला स्वयंपाकघर पाहण्याची मुभाही ठेवली गेली. येथे कंपनीने आधी ऐकले आणि मग सांगितले. शिवाय जे सांगितले ते डोळ्यांना दिसेल असे सांगितले. हिरवा एप्रन वाचण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.

असे असूनही मे २००१ मध्ये अमेरिकेतील दाव्याची बातमी येताच ठाण्यातील दुकानाची नासधूस झाली आणि मुंबईत निदर्शने झाली. भारतातील फ्राइजमध्ये प्राणिज घटक नाहीत, असे येथील भागीदार परोपरीने सांगत होते. शासकीय तपासणीतही प्राणिज चरबी आढळली नाही. परंतु मुंबईतील ज्या कुटुंबाचा एक मुलगा न्यू जर्सीत नोकरी करीत होता, त्याला दोन्ही देशांतील बातम्या एकाच घरात ऐकू येत होत्या. कंपनीच्या दृष्टीने बाजारपेठा दोन होत्या, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने नाव एकच होते.

हे सर्व आधी कळू शकले असते काय? बऱ्याच अंशी कळू शकले असते, आणि त्यासाठीची रीत त्या वेळी नवीनही नव्हती. व्यापारी कुटुंबांना हिशेबतपासणी परिचित आहे. वर्षअखेर वहीतील शिल्लक आणि गोदामातील प्रत्यक्ष शिल्लक ताडून पाहिली जाते. वहीत शंभर पोती असतील आणि गोदामात ब्याण्णव निघाली, तर आठ पोती कोठे गेली याचा शोध घेतला जातो. वहीत शंभर लिहिले आहे म्हणून शंभर आहेतच, असे कोणताही शहाणा पेढीवाला धरून चालत नाही. संस्थेच्या बोलण्याचीही अशीच तपासणी करता येते, हा विचार अमेरिकेतील व्यवस्थापन-अभ्यासक जॉर्ज ओडिऑर्न यांनी १९५४ मध्ये मांडला आणि त्यासाठी हिशेबतपासणीचाच शब्द उसना घेतला. पुढे १९७१ पासून आंतरराष्ट्रीय संवाद-संघटनेच्या अभ्यासकांनी जवळजवळ दशकभर खपून तिची पद्धतशीर मांडणी केली. प्रश्नावली, प्रत्यक्ष मुलाखती, कोण कोणाशी बोलतो याचा आराखडा, चांगल्या-वाईट अनुभवांच्या लेखी हकिगती आणि रोजच्या बोलण्याची दैनंदिनी, अशी पाच साधने त्यांनी ठरविली.

पाचही साधने मोठ्या कंपन्यांसाठी घडविलेली आहेत आणि लहान पेढीला ती सर्व झेपणारही नाहीत. मात्र त्या प्रश्नावलीत एक युक्ती आहे, ती कोणत्याही दुकानाला उपयोगी पडावी. प्रत्येक विषयापुढे दोन रकाने असतात. या विषयाची किती माहिती आज तुम्हाला मिळते, हा पहिला. आणि किती मिळायला हवी, हा दुसरा. उत्तर एक ते पाच अंकांत द्यायचे. मिळते दोन आणि हवी पाच, म्हणजे तीनची तूट. उलट मिळते पाच आणि हवी दोन, असेही निघते. तेथे संस्था नको ते ओरडून सांगत असते आणि त्या गोंगाटात हवे ते बुडून जाते. 'तुम्ही समाधानी आहात का?' या प्रश्नाला मनुष्य शिष्टाचार म्हणून होय म्हणतो. दोन रकान्यांपुढे त्याला विचार करावा लागतो.

समजा, किराणा मालाच्या एका घाऊक पेढीने तालुक्यातील दुकानदारांना कळविले, की येत्या एक तारखेपासून उधारी तीस दिवसांची. त्यानंतर व्याज लागेल. पत्रक छापले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, बिलावर शिक्का मारला. पेढीच्या वहीत शंभर पोती जमा झाली. गावोगाव फिरणारा विक्री-प्रतिनिधी मात्र दुकानदाराशी गोड राहून माल खपविणारा. तो म्हणाला, "शेठजी जरा कडक झालेत, पण आपले जुने संबंध आहेत, सांभाळून घेऊ." दुकानदाराला समजले ते एवढेच, की आपल्यापुरते काही बदललेले नाही. चाळिसाव्या दिवशी खात्यावर व्याज पडले आणि वीस वर्षांचे गिऱ्हाईक रुसले. शेठजींचे म्हणणे, कळविले होते. दुकानदाराचे म्हणणे, कोणी सांगितलेच नाही. दोघेही प्रामाणिक असतात, हीच अशा भांडणांतील अडचण आहे. मोबाईलवरील दोन निळ्या खुणा संदेश उघडला गेला एवढेच सांगतात. त्याचा अर्थ काय लागला, हे त्यांना सांगता येत नाही.

त्या पेढीने दहा दुकानदारांना एकच गोष्ट विचारायची आहे: नवीन उधारीचा नियम तुमच्या शब्दांत सांगा. दहापैकी सहा जणांनी वेगवेगळे सांगितले, तर दोष दुकानदारांच्या समजुतीत शोधू नये. पत्रकाची भाषा, प्रतिनिधीचे बोलणे आणि दोहोंतील विसंगती तपासावी. मॅकडोनाल्ड्सने १९९१ मध्ये पाच-पंचवीस भारतीय कुटुंबांना 'शंभर टक्के वनस्पती तेल' या शब्दांचा अर्थ विचारला असता, तर पुढची दहा वर्षे आणि न्यायालयाची पायरी टळण्याची शक्यता होती.

विचारणार कोण, हा प्रश्न नाजूक आहे. शेठजींनी स्वतः विचारले तर 'सगळे ठीक आहे, शेठजी' यापलीकडे उत्तर मिळत नाही. प्रतिनिधीने विचारले तर तो स्वतःचीच परीक्षा स्वतः घेतो. हिशेब तपासायला जसा बाहेरचा सनदी लेखापाल लागतो, तसाच येथेही पेढीशी देण्याघेण्याचा संबंध नसलेला, तोंडाळ नसलेला आणि लोकांनी ज्याच्यापुढे मोकळे व्हावे असा माणूस हवा. दुसऱ्या बाजारातील निवृत्त व्यापारी किंवा एखादा प्राध्यापक चालेल. कोणी काय सांगितले हे मालकापर्यंत नावानिशी जाणार नाही, अशी हमी त्याने द्यायची आणि मालकाने ती पाळायची. एकदा नाव फुटले, की पुढची तपासणी कागदावरच राहते. आणि ज्यांना विचारले त्यांना काय आढळले आणि काय बदलले, हे परत जाऊन सांगितले पाहिजे. हे काम बहुतेक संस्था विसरतात. मग दुसऱ्या वर्षी कोणी तोंड उघडत नाही आणि सारे आलबेल आहे अशी समजूत करून घेतली जाते.

दैनंदिनीचे साधन कौटुंबिक पेढ्यांना विशेष लागू पडेल. एका आठवड्यापुरते पेढीतील प्रत्येकाने कामाचे प्रत्येक बोलणे एका ओळीत टिपायचे: कोणाशी, कशावर, समोरासमोर की फोनवर, कोणी सुरू केले. घरच्या पेढीत अशा नोंदींतून काय बाहेर पडेल याचा अंदाज करणे कठीण नाही. खरेदीचा निर्णय रात्री जेवताना दोन भावांत होतो, मुनीमजींना तो तिसऱ्या दिवशी कळतो आणि गोदामातील हमालांना गाडी दारात उभी राहिल्यावर. धाकट्या भावाची पत्नी जीएसटीचे सर्व काम पाहते; पण दर बदलला हे तिला बिल फाटल्यावर समजते. आणि प्रत्येक जण अडला म्हणजे मालकाकडे जात नाही, चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या एका वृद्ध मुनीमजींकडे जातो, हेही त्या नोंदीच सांगतील. पेढीच्या साऱ्या वाटा एका माणसातून जात असतील, तर त्याच्या आजारपणात पेढीच मुकी होते. मुलगा परदेशातून शिकून येतो आणि संगणकप्रणाली बसवितो, तेव्हा त्या प्रणालीत या मुनीमजींना जागा नसते; घोटाळे तेथून सुरू होतात.

संघ, ट्रस्ट, वसतिगृहे यांची गोष्ट फारशी वेगळी नाही. वार्षिक अहवालात दानाचा हिशेब पैपैचा असतो, दात्यांच्या नावांत कानामात्रेची चूक नसते, तो वेळेवर घरपोच मिळतो. त्याच संस्थेच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला पाण्याची टाकी गळते हे कोणाला सांगायचे, याचा पत्ता नसतो. बाहेर जाणारा शब्द उत्तम आणि आत येणाऱ्या शब्दाला दारच नाही. तपासणी करताना संस्था किती बोलते याबरोबर तिला किती ऐकू येते, हेही मोजावे लागते.

दुकानदार या श्रोत्याचा विषय निघाला, की महाराष्ट्रातील एक प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. कारखान्यात दोष नाही, दुकानांतील साठवणूक नीट नसल्याने असे घडते, असे कंपनीने सांगितले. साठवणुकीत दोष असेल, तर वेष्टन तेवढे भक्कम का नव्हते, असा प्रशासनाचा प्रतिप्रश्न आला. शास्त्रीय दृष्टीने कंपनीच्या म्हणण्यात तथ्य असेलही. तथापि ते वाक्य ऐकणारे दोन वर्ग होते. ग्राहकाने ऐकले, की कंपनी अंग झटकते आहे. काउंटरमागच्या दुकानदाराने ऐकले, की सणासुदीला दोष आपल्या माथी मारला गेला. आणि ग्राहकाच्या प्रश्नाला प्रत्यक्ष तोंड द्यायचे होते ते या दुकानदारालाच! ज्याच्या तोंडून आपली बाजू लोकांपर्यंत जाणार, त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही चूक अनेक मोठे उत्पादक आजही करतात आणि किरकोळ व्यापाऱ्यांना तिचा चटका ठाऊक आहे.

कंपनीने पुढे जे केले ते मात्र अभ्यासण्याजोगे आहे. 'विश्वास' या नावाने तिने मोहीम हाती घेतली आणि निरनिराळ्या राज्यांतील सुमारे १,९०,००० विक्रेत्यांपर्यंत साठवणुकीची माहिती व तपासणी पोहोचविली. जानेवारी २००४ मध्ये चॉकलेटचे वेष्टन बदलले. उष्णतेने चिकटविलेल्या आतल्या थराने वडी पूर्णपणे बंद झाली. खर्च वाढला, तो कंपनीने सोसला. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती त्यानंतर आल्या. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी दुकानदार, मग वेष्टन, मग जाहिरात. नट कितीही मोठा असो, काउंटरवरचा माणूस नाराज असता तर त्या जाहिरातींचा फारसा उपयोग झाला नसता. दुकानदाराला दोष देणारे पहिले वाक्य मात्र परत घेता आले नाही.

सिएटलच्या दाव्याकडे परतायचे, तर २००१ च्या मे महिन्यातच मॅकडोनाल्ड्सने पहिले निवेदन काढले होते. आम्ही दिलेली माहिती अपुरी वाटली असल्यास खेद आहे, गोंधळ झाला असल्यास क्षमस्व, असा त्याचा आशय. या 'असल्यास'मध्येच त्या निवेदनाचा जीव अडकला होता. दुखावलेल्या माणसाला आपण दुखावलो आहोत की नाही, याची खात्री करून घेण्यास सांगण्यासारखे ते होते. २००२ मध्ये तडजोड झाली तेव्हाची माफी वेगळ्या भाषेत आली. हिंदू, शाकाहारी व इतरांना आहाराचा निर्णय घेण्यासाठी जी माहिती हवी होती, ती देण्यास आपण कमी पडलो, असे कंपनीने सरळ म्हटले. ती माफी भारतीय वंशाच्या आणि शाकाहारी वाचकांच्या नियतकालिकांतही छापली गेली. ज्यांना सांगायचे ते जेथे वाचतात तेथे सांगणे, एवढे तरी कंपनी शिकली होती. त्याबरोबर १ कोटी डॉलर देण्याचे ठरले. त्यातील ६० टक्के शाकाहारी संस्थांना, २० टक्के हिंदू व शीख संस्थांना आणि उरलेले मुलांच्या पोषणाच्या व ज्यूंच्या आहारनियमांच्या कामासाठी. शाकाहाराच्या प्रश्नांवर सल्ला देणारे एक मंडळ नेमण्याचेही कंपनीने मान्य केले.

इतके होऊनही श्रोत्यांची यादी पुरी झालेली नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याच फ्राइजच्या त्याच स्वादद्रव्यात गहू आणि दूध यांपासून काढलेले घटक असल्याचे कंपनीने जाहीर केले. तोवर गव्हातील ग्लुटेन न सोसणारे रुग्ण हा पदार्थ निर्धास्तपणे खात होते. पुन्हा दावे दाखल झाले. पाच वर्षांपूर्वी शाकाहारींनी जो प्रश्न विचारला होता, तोच आता आजाऱ्यांनी विचारला. 'नैसर्गिक स्वाद' या शब्दांत शाकाहारींसाठी काय दडले आहे हे शोधले गेले होते; आणखी कोणासाठी काय दडले आहे हे तेव्हाच का पाहिले गेले नाही, याचे उत्तर मिळत नाही.

आज अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्सच्या घटकांच्या यादीत फ्राइजपुढे 'नैसर्गिक गोमांस-स्वाद' असे स्पष्ट लिहिलेले असते आणि त्यापुढे गहू व दूध यांची नोंद असते. भारतातील दुकानांत तोच पदार्थ या स्वादाविना मिळतो. अमेरिकेला निघालेल्या मुलाला विमानतळावर निरोप देताना कित्येक मातांनी इतर सूचनांबरोबर हीही सूचना केलेली असते: तिकडचे फ्राइज इकडच्यासारखे नाहीत, यादी वाचून मगच घे.